टेकडीपलीकडचा चेंडू

टेकडीपलीकडून घंटा वाजली. पुढचे खेळाडू खळगीभोवतीच्या हिरवळीवरून हलले होते.

"आता मारा," लॅकी म्हणाला. "नाहीतर भरती येऊन जाईल आणि मर्डो अजून हातमोजाच चढवत असेल."

मर्डो हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्याचा मुलगा इनिस समुद्राकडे बघत राहिला. गेला आठवडाभर बापलेक स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची जुनी गोल्फची मैदानं बघत, खेळत हिंडत होते. हे शेवटचं. लॅकी इथल्याच क्लबातला, मर्डोचा मासेमारीच्या बोटीवरचा सोबती. गुडघ्यामुळे आज तो नुसताच बरोबर चालत होता. पुढच्या उन्हाळ्याचा विषय डॉक्टरांनी टाळला, तेव्हा कुठे इनिसला रजा मिळाली होती. एरवी ती कधीच मिळत नसे.

इथली खळगी मारणाऱ्याला दिसतच नाही. मध्ये वाळूची उंच टेकडी आहे. माथ्यावरच्या पांढऱ्या दगडाचा नेम धरायचा आणि बाकीचं वाऱ्यावर सोडायचं. पहिल्याच फटक्यात चेंडू खळगीत गेला, तर त्या माणसाचं नाव क्लबातल्या फळीवर सोनेरी अक्षरांत लागतं. लॅकीचं तिथे दोनदा होतं. मर्डोला हे जन्मात कुठल्याच मैदानावर जमलं नव्हतं.

"फळीवर माझ्या नावाखाली जागा आहे बरं का," लॅकी म्हणाला.

"राहू दे. तुझ्याखाली लागण्यापेक्षा न लागलेलं बरं."

चेंडू दोघांचे एकाच खोक्यातले. सकाळी लापशी खाता खाता मर्डोने स्वतःच्या चेंडूंवर लाल ठिपके दिले होते, इनिसच्या चेंडूंवर निळे.

इनिसने आधी मारला. वाऱ्याने चेंडू उजवीकडे ओढून नेला.

"गेला काट्यांत," लॅकी म्हणाला. "सशांना खेळायला झालं."

मग मर्डोने मारला. फटक्यात जोर नव्हता, पण चेंडू दगडाच्या बरोबर वरून पलीकडे उतरला.

म्हातारे वळसा घालून पायवाटेने निघाले. इनिस टेकडी चढून पुढे गेला.

हिरवळीवर एकच चेंडू होता. खळगीपासून वीतभर अंतरावर. ठिपका खाली गेला होता, पण बाबांचाच असणार.

इनिस त्याच्याजवळ उभा राहिला. लहानपणी एका स्पर्धेत वाळूतला त्याचा चेंडू काठी लागून किंचित हलला होता. कुणी पाहिलं नव्हतं. त्याने घाबरत बाबांना सांगितलं आणि बाबांनी जाऊन पंचांना. एका फटक्याचा दंड बसला आणि इनिस हरला. गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "तू पाहिलंस ना? मग झालं."

त्याने मान वळवून मागे पाहिलं. माथ्यावर कुणी नव्हतं. मागेच बघत त्याने बुटाच्या टोकाने चेंडू ढकलला. टक्क असा आवाज झाला. खळगीत डोकावायचं त्याला धाडस झालं नाही. बोचरा वारा सुटला होता आणि त्याचे कान तापले होते.

म्हातारे पोचले तेव्हा तो कडेच्या उंच गवतात काठीने उगाच चाचपत होता.

"नाही सापडत माझा?" मर्डोने विचारलं आणि वाकून स्वतःच शोधायला लागला. वाकला की त्याला धाप लागायची. इनिस नुसताच काठीने गवत बाजूला करत राहिला.

"सोड रे," शेवटी मर्डो म्हणाला. "मागचे लोक खोळंबलेत. हरवला म्हणू या."

"खळगीत बघितलं का?" इनिसला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"खळगीत म्हणे! या म्हाताऱ्या बोकडाचा चेंडू?" लॅकी हसत हसत गेला, वाकला आणि तसाच थांबला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. "मर्डो, काहीतरी पांढरं दिसतंय."

मर्डो पुढे सरकला. लॅकीने हात आडवा धरला.

"थांब. अजून हात लावू नकोस. इथे एकाचीच साक्ष चालते, हिरवळीवर जो आधी पोचला त्याची. इनिस, तू इथल्या कुठल्या चेंडूला हात, पाय, काठी, काही लावलंस?"

"त्याला काय विचारतोस?" मर्डो म्हणाला. "मी वाढवलाय त्याला."

"रीत आहे, मर्डो. विचारावं लागतं."

इनिस बाबांच्या ओल्या बुटांकडे बघत होता. "नाही."

"शब्द?"

"शब्द."

मर्डोने मान डोलावली, विषय तिथेच संपल्यासारखी. ती मान डोलावणं इनिसला बघवलं नाही.

मुलाच्या खांद्याचा आधार घेत मर्डो गुडघ्यावर बसला. खळगीतून चेंडू काढून त्याने फिरवून पाहिला. ठिपका निळा होता.

क्षणभर त्याचा चेहरा पडला. लगेच तो उजळला, स्वतःसाठी कधी उजळला नसता इतका.

"तुझा आहे रे पोरा. काट्यांत कसला जातोय! तुझा आहे."

इनिसने बाबांचा हात धरला. "बाबा, ऐका, मी..."

"नंतर बोल. आधी याला मिठी मारू दे," म्हणत लॅकीने वाट मोकळी करायला खळगीतली झेंड्याची काठी उपसली. सहज खाली पाहिलं. "मर्डो, आत अजून एक आहे."

मर्डोने पुन्हा हात घातला. या चेंडूवरचा ठिपका लाल होता.



"बाप आणि लेक, दोघंही, एकापाठोपाठ," लॅकी हळूच म्हणाला. "क्लबात हसतील मला. यावर कोण विश्वास ठेवणार?"

मर्डोने लाल ठिपक्याचा चेंडू मुठीत घट्ट धरला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"सगळे ठेवतील," तो म्हणाला. "माझ्या मुलानं शब्द दिलाय."