हातावरचं दही

उत्कर्षानं चमच्यात दही-साखर घेतली. "हात पुढे कर बघू. उजवा."

जयानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

खालून अनिरुद्धनं स्कूटरचा हॉर्न दिला. कर्वेनगरच्या शाळेत प्रवेशचाचणी होती आणि निघायला आधीच उशीर झाला होता. "अगं, दह्याला काय घाबरायचं? पेपर चांगला जातो," उत्कर्षा म्हणाली.

नऊ वर्षांची ती पोर मागे सरकत सरकत फ्रिजला टेकली. मग तिनं कानातल्या रिंगा काढल्या. दत्तक म्हणून ती या घरात आली, त्या दिवशी उत्कर्षानं घातलेल्या. त्या तिनं ओट्यावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या.

"जया, हे काय?"

"तुमच्या आहेत." आवाज अगदी समजूतदार. "त्या काकूंनीपण दही दिलं होतं. म्हणाल्या, फिरायला जाऊ. मग गाडी संस्थेत गेली."

पहिल्या घरानं हिला दोन महिन्यांत परत पाठवली, एवढं संस्थेनं उत्कर्षाला सांगितलं होतं. दह्याचं कोणी बोललं नव्हतं. 'मी तशी नाही गं' म्हणावं, तर त्या बाईही असंच काहीतरी म्हणाल्या असणार.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

तिनं चमचा ओट्यावर ठेवला. "मग तूच सांग. काय करू मी?"

जयानं चमचा उचलला, दही उत्कर्षाच्याच तळहातावर घातलं आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"मी बाहेर येईपर्यंत धरा. धुवायचं नाही."

शाळेच्या फाटकाशी उत्कर्षा मूठ आवळून उभी होती. मनगटावरून एक ओघळ कोपरापर्यंत गेला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना राहवलं नाही.

"हाताला काय लागलंय हो?"

"दही."

"चाचणी मुलीचीच आहे ना?"

अनिरुद्धनं पाण्याची बाटली पुढे केली. उत्कर्षानं नको म्हणून मान हलवली.

घंटा झाली. मुलं आपापल्या आयांकडे धावत सुटली. जया मात्र पायरीवरच थांबली. उत्कर्षाच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सावकाश जवळ आली आणि बोटं एकेक करून उघडली.

"वाळलंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "घरी दही आहे ना अजून?"