मागच्या सालच्या विजेत्या

"विम्बल्डन. बाया." सिंधूताईनं पऱ्हाटीतून मान वर न काढताच विचारलं.

शेजारच्या पातीवर तिची लेक मयुरी कापूस वेचत होती.  तिनं बोंडातला कापूस उपसला, कमरेच्या ओटीत कोंबला आणि ती पुढं सरकली.

"मी काय इचारून राह्यली वो?"

"आज राहू दे माय."

बाप्पा! राहू दे कसं? रविवारी पोलीस भरतीचा पेपर, आणि ही पोरगी वेचणी लागल्यापासून रोज 'राहू दे'चं तुणतुणं वाजवते! देऊळघाटच्या शिवारात या मायलेकींचं सालोसाल ठरलेलं होतं. हात बोंडात, तोंड परीक्षेत. मजुरीला गेलं तर अभ्यास बुडतो, अभ्यासाला बसलं तर मजुरी बुडते. म्हणून मयुरीनंच ही तोड काढली होती. प्रश्न आणि उत्तरं आईकडून पाठ करून घ्यायची, आणि आईनं ती पातीवर विचारायची. चौथी शिकलेल्या सिंधूताईनं त्रिशरण-पंचशील ज्या चालीवर पाठ केलं होतं, त्याच चालीवर जगाचे सगळे कप पाठ केले. त्या टेनिसवाल्या बाया कोणत्या मुलखातल्या, काय खातात, तिला काही ठाऊक नव्हतं. पण उत्तर चुकलं की "चूक! परत म्हन!" असं ती अशा तोऱ्यात म्हणायची की सगळ्या वेचणाऱ्या हसायच्या.

पण जगानं तरी एका जागी राहावं की नाही! दर साली कप नवाच कोणी घेऊन जातो. दर साली जुनी नावं टाका, नवी घोका. सिंधूताई थकली होती, नखांपासून डोक्यापर्यंत थकली होती. औंदा मात्र दम सोडून चालणार नव्हतं. ही शेवटचीच खेप. पुढच्या भरतीला मयुरीचं वय बसणार नव्हतं.

"बरं, क्रिकेट सांग. बायायचा वर्ल्ड कप?"

"भारत."

"हाव. आता विम्बल्डन."

मयुरीनं सुस्कारा सोडला. "स्वियातेक."

"चूक! क्रेजिकोव्हा. परत म्हन!"

पलीकडच्या पातीवर पुष्पांजली होती. जिभेला हाड नसलेली बाई. ती तिथूनच ओरडली, "सिंधूबाई, नको ना वो तिले अजून चुकवू! क्रेजिकोव्हा मागच्या सालची. मागच्या भरतीच्या पेपरातबी तुहंच जुनं उत्तर लिहून आली, अन् एका मार्कानं गेली. आमची पोरगी समीक्षा होती ना पेपराले तिच्यासंग, तिनंच सांगतलं."

"काकू!" मयुरी खेकसली.

सिंधूताईचा हात बोंडातच राहिला. मागचा निकाल लागला तेव्हा पोरगी म्हणाली होती, पेपरच अवघड होता. तिनं खरं मानलं होतं. आता तिला मागची वेचणी आठवली. पोरगी क्रेजिकोव्हा म्हणायची आणि आपण हसून म्हणायचो, चूक, वोंद्रोसोव्हा. वोंद्रोसोव्हा तर त्याच्याही आदल्या सालची निघाली.

"तुले बरोबर येत होतं?"

"हाव."

"मंग काऊन लिहिलं तसं?"

"टाइम संपत आला होता. हात गडबडला. कानात तुहा आवाज आला, चूक, परत म्हन. मले वाटलं, माय म्हनते तेच खरं असन."

 आपल्याच तोंडाला आग लावावी असं सिंधूताईला वाटलं. इतकी वर्षं आपण लेकीला हात देतोय म्हणून छाती फुगवून या पातीवर बोललो, आणि लेकीची वर्दी आपल्याच जिभेनं नेली.

"सालभर बोलली काऊन नाही मंग?"

"बोलून काय झालं असतं? तू इचारनंच सोडलं असतं."

पुष्पांजलीनं जीभ चावली आणि लांबची पात धरली. मायलेकी वेचत राहिल्या. ऊन पाठीवर आलं. सिंधूताईनं ओठ असे दाबून धरले होते की वाटावं, आता जेवायलाही उघडणार नाही. पात संपली, शेताच्या कडेला धुऱ्यावर दोघींनी ओट्या रिकाम्या केल्या. मयुरीनं पाणी पिऊन तांब्या आईपुढं धरला.

"इचार आता, माय."

"नाही वो बाई. माह्या तोंडाचा भरोसा नाही."

"आईक तर. पेपरात चार नावं देतात. एक बरोबर, तीन चुकीची. अन् चुकीची म्हनून मागच्या सालायचीच देतात. मले त्याइचीच भीती वाटते. तुले ती सगळी पाठ आहेत ना? ती तू म्हन. बरोबर असन ते मी म्हनीन."

सिंधूताईनं तांब्या हातात घेतला. मग भीत भीत, वर्गात उभ्या केलेल्या पोरीसारखी ती म्हणू लागली, "रायबाकिना... वोंद्रोसोव्हा... क्रेजिकोव्हा..."

"स्वियातेक," मयुरी म्हणाली.

"चूक" म्हणायची सवय सिंधूताईच्या ओठांपर्यंत आली. तिनं ती पाण्याबरोबर गिळली. पण एक गोष्ट काही तिच्या गळी उतरेना.

"या तिघी चुकीच्या कशा वो? जिंकल्या होत्या ना त्या?"

"जिंकल्या होत्या."

"मंग?"

मयुरीनं रिकामी ओटी कमरेला पुन्हा आवळली आणि पुढच्या पातीत शिरली.

"मागचं काही धरत नाहीत, माय. मागच्या भरतीत ग्राउंडवर धावन्यात मीबी पह्यली होती."