लोबातोच्या कांड्या

"एकही हलत नाही," नोएलिया म्हणाली आणि तिने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

बेलार्मिनोने हातातली टोपी आणखी पिरगळली. "नीट बघ, पोरी. गाढवाची जात आहे. एका हाकेत उठलं तर ते गाढव कसलं?"

म्हाताऱ्याच्या विनोदाला ती हसली नाही.

टेबल गोठ्यातच मांडलं होतं. पलीकडे त्याची गाढवीण, पार्दा, कालपासून तोंड चघळत उभी होती. म्हणजे माज पक्का होता, पण तिचं वय झालं होतं आणि पुढचा माज येईलच असं छातीठोकपणे सांगायला नोएलिया, पशुवैद्य असूनही, तयार नव्हती. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो लोबातो तर केव्हाच गेला होता. अख्ख्या आलिस्ते परगण्यात तसा झिपरा, दांडगा नर झाला नाही. पण त्याला लहानपणापासून घोडींच्या कळपात वाढवला, खेचरं काढायची म्हणून. इकडची रीतच ती. मोठा झाल्यावर गडी गाढविणीकडे ढुंकून बघेना. खेचरं झाली रग्गड, पण खेचराच्या पोटी कुठलं आलंय पोर? त्याच्या मागे उरल्या होत्या फक्त गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, द्रव नत्राच्या गारठणक टाकीत, दोन खेपांपुरत्या. त्यातली एक खेप आत्ताच टेबलावर वाया गेली होती.

"मग ते पाणी घाल ना त्यात," बेलार्मिनोने बाटलीकडे बोट दाखवलं.

ते पाणी शेजारच्या सिक्स्तोच्या गाढवाचं होतं, म्हणजे त्याच्या वीर्यातले सगळे शुक्रजंतू काढून टाकल्यावर उरलेलं. वितळवलेल्या वीर्याने गाढविणीची कूस चिडते, या पाण्याने ती शांत राहते, असं नोएलियाचं म्हणणं. त्यासाठी बेलार्मिनो आज सकाळी सिक्स्तोच्या दारात जाऊन उभा राहिला होता. कुरणाच्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"ते कूस शांत ठेवतं, काका. मेलेल्याला उठवत नाही."

"मग मी सिक्स्तोपुढे टोपी काढली ती काय डोक्याला वारा लागावा म्हणून?"

"अजून एक खेप आहे," ती समजुतीने म्हणाली. "मी कोमट पाणी तयार ठेवते. तुम्ही टाकीचं झाकण तेवढं काढा."

पण त्याला कुठला धीर. त्याने झाकण काढलं आणि सवयीने कांड्यांचा दांडाही पार वर उचलला. पांढरा धूर बाहेर आला. दांडा खिडकीच्या उजेडात धरून, डोळे बारीक करून त्याने कांडीवरचं लोबातोचं नाव वाचलं. "काय रे, बरा आहेस ना?" तो पुटपुटला.

"आत घाला!" नोएलिया किंचाळली. "काका, आधी आत घाला ते!"

त्याने दचकून दांडा खाली सोडला. ती धावत टाकीपाशी आली. मग एकदम हळू आवाजात तिने विचारलं, "हे असं नेहमी करता?"

"छे, नेहमी कुठलं! रविवारी फक्त. चर्चमधून आलो की. बाकीचे पत्ते कुटायला जातात, मी इथे येतो. नाव वाचतो, चार शब्द बोलतो, परत ठेवतो." तो थोडा लाजला. "हा धूर आहे ना, थंडीत त्याच्या नाकातून असाच निघायचा."

नोएलियाने डोळे मिटून घेतले. टाकी गाढवांची पैदास सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवा म्हणून तिने त्याला किती विनवलं होतं.

"काका, बाहेरची जराशी ऊबसुद्धा त्यांना सोसत नाही. परत आत घातल्या तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. दर वेळी त्यातले थोडे शुक्रजंतू मरतात."

"पण मी फार वेळ नाही गं काढत. नाव वाचण्यापुरतंच."

"आणि चार शब्द बोलण्यापुरतं," ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

बेलार्मिनो उलट्या बादलीवर बसला. आपण कुणाला मारलं हे त्याला आता कळत होतं. पार्दाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड चघळायला लागली.

"तरी बघ," तो शेवटी म्हणाला. "माझ्यासाठी बघ."

तिने कांड्या कोमट पाण्यात टाकल्या, पुसल्या, कापल्या. सिक्स्तोच्या गाढवाचं पाणी मिसळलं. काचेवर थेंब ठेवला आणि डोळा लावून बराच वेळ बसून राहिली. थेंब बदलला, पुन्हा बसली.

"सरक," बेलार्मिनो उठला. "मला बघू दे."

दोन्ही हात टेबलावर रोवून तो वाकला. आधी त्याला काहीच दिसेना. मग दिसले, इवलेसे, शेपटीवाले, असंख्य.

"हलताहेत!" तो ओरडला. "नोएलिया, हलताहेत गं! सगळेच्या सगळे हलताहेत!"

ती सूक्ष्मदर्शकाकडे गेली नाही. शेजारच्या भांड्यात कोमट पाणी होतं, त्यावरही बारीक लाटा उठत होत्या. टेबलावर रोवलेले त्याचे हात थरथरत होते आणि त्यांच्यासोबत टेबलही.

तिने त्याचे हात, आधी एक, मग दुसरा, टेबलावरून अलगद उचलले आणि आपल्या हातांत धरून ठेवले.

"आता बघा, काका."