यंदाचं मीठ

रिपोर्ट पहिला : थायरॉइड मंद.

"घरात मीठ कुठलं खाता?" डॉक्टरांनी रंभाच्या सुजलेल्या गळ्याकडे बघत विचारलं.

"आमचेच मिठागराचं. ह्ये पिकवतात ना," तिनं नवऱ्याकडे, काळूरामकडे मान वळवली.

"गोळ्या देतो. पण त्या मिठात आयोडीन नाही. पुडीतलं घ्या."

"विकतचं मीठ? अख्खा पेणकरपाडा हसंल," रंभा उठलीच. "मी न्हाय खानार."

काळूरामनं गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

रिपोर्ट दुसरा, काही महिन्यांनी : सुधारणा.

घरी येताना रंभा गळ्यावरून हात फिरवत राहिली. "बघा, तुमचेच मिठानं बरी झाले. आनि यंदा काय पांढरं उतरलंय! उभ्या जन्मात असं मीठ पिकवलं न्हाय तुमी."

"हां," काळूराम म्हणाला.

ती देवापुढे दिवा लावायला गेली, तेव्हा त्यानं कोपऱ्यातल्या बरणीत आयोडीनवाल्या खडेमिठाची नवी पुडी रिकामी केली. बरणीतलं स्वतःचं मीठ त्यानं पहिल्या रिपोर्टच्या दिवशीच नेऊन, ओंजळीओंजळीनं, खाडीला परत दिलं होतं.