फक्त स्वतःबद्दल बोला

'माणूस जन्मतः हिंसक नसतो,' असं सुधार केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. त्याखालचा रक्ताचा डाग झाकायला २००३ चं कॅलेंडर लावलं होतं.

वीरेश त्या कॅलेंडरखाली बसला होता. शेजारी त्याचा मावसभाऊ संगमेश, सायकलच्या चेनीनं एकाचं डोकं फोडून आलेला. गोलात कोर्टानं धाडलेली अशीच उचगावची पोरं. समुपदेशक विजयसिंह सरांनी पाटीवरचा नियम वाचून दाखवला : प्रत्येकानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं. दुसऱ्याची बाजू घेतली की चार आठवडे वाढले.

"तू कुणाला मारलंस?" सरांनी वीरेशला विचारलं.

"म्या? कुणालाच न्हाय की."

सगळा गोल खदाखदा हसला. प्रत्येकानं हेच उत्तर दिलं होतं.

"नाकारणं ही पहिली पायरी," सर म्हणाले.

"सर, म्या जातो. घरात म्हस पिळायची हाय."

"पळणं ही दुसरी. दाराबाहेर पाऊल टाकलंस तर थेट रिमांड होम."

वीरेशनं संगमेशकडं बघितलं. संगमेशनं नियमाच्या पाटीकडं बघितलं.

तीन आठवडे वीरेश नाहीच म्हणत राहिला. सरांनी वहीत शेरा मारला : 'अट्टल.' चौथ्या आठवड्यात त्यानं कबुली दिली. मलकापूरच्या मॅचमध्ये अंपायरला स्टंपनं हाणलं, दोन दात पाडले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी पाठ थोपटली.

"शाबास रं वाघा! आणि म्हणं कुणालाच न्हाय!"

मग उपचार सुरू झाले. राग बाहेर काढायला भुशाचं पोतं टांगलेलं होतं. वीरेशचा पहिला ठोसा इतका मवाळ पडला की पोतं हललंसुद्धा नाही.

"दाबून ठेवतोयस," सर म्हणाले. "येऊ दे बाहेर!"

सहाव्या आठवड्यात पोतं फाटलं. आठव्यात गोलातल्या ज्ञानूचा ओठ फाटला. नाट्य-उपचारात तो अंपायर झाला होता.

"आरं बेतानं की!" ज्ञानू रक्त थुंकत ओरडला. "म्या खरा अंपायर न्हाय!"

सरांनी प्रगती नोंदवली.

बाराव्या आठवड्यात समारोप झाला. पाहुणे, हार, प्रमाणपत्रं. या वेळी सर स्वतः अंपायर झाले. वीरेशनं तेव्हा कसं मारलं आणि आता कसा थांबतो, हे पाहुण्यांना दाखवायचं होतं.

स्टंप वर गेला. कपाळापासून वीतभर अंतरावर थांबला. टाळ्या पडल्या.

सर त्याच्या कानाशी वाकले. "आतून थांबला नाहीस तू. कळतं मला. प्रमाणपत्र राखून ठेवतोय. आणखी बारा आठवडे."

स्टंप तिथंच पुन्हा वर गेला, आणि थांबला नाही. सरांचे दोन दात पहिल्या रांगेत जाऊन पडले. दुसऱ्या फटक्याला कोपर मोडलं. तिसरा बरगडीत बसला. चौथ्याला चार सुधारलेल्या पोरांनी मिळून वीरेशला खाली दाबलं.

सरांना दवाखान्यात नेल्यावर कृष्णात हवालदारांनी वीरेशचा जुना गुन्हा बघायला कोर्टाची यादी मागवली. बारा नावं होती. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं.

"ह्येचं नाव कुठं हाय रं?"

संगमेशनं खिशातलं प्रमाणपत्र चाचपलं.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "ह्यो पयल्या दिवशी माज्या सोबतीला आलता."