कोपऱ्यातला तारा

कुमुदताईंनी आपल्या अंतराळ-चित्रकथेचा शेवटचा भाग सकाळी वेबवर चढवला आणि मिरजेला इलाहीभाईंना फोन लावला. वेब येण्याआधी त्यांचे अंक इलाहीभाईंच्याच झेरॉक्सवर निघायचे.

“वाचलंत ना?”

“वाचलं की! रेवती यानातून सुखरूप उतरली, लेकीनं मिठी मारली.”

 कुमुदताईंनी रेवतीला यानातच मरताना काढलं होतं.

“पण ताई, कोपऱ्यातला तारा विसरलात.”

तारा म्हणजे इलाहीभाईंच्या मशीनच्या काचेवरचा ओरखडा. वाचकांनी त्याला तारा मानलं, म्हणून पुढे प्रत्येक पानावर त्या तो मुद्दाम काढत आल्या.

“विसरले नाही, मी काढलाय. वाचताना ते नाडी मोजणारं घड्याळ हातात होतं?”

“हृदयाच्या ऑपरेशनपासून असतंच.”

“मग त्यानं तुमची नाडी कळवली आणि साइटनं तुम्हाला सोसेल असा शेवट काढला. माझा वेगळा आहे.”

“वाईट?”

“हो.”

“कागद पाठवा. मशीन अजून चालतंय.”

टपालानं कागद आले. इलाहीभाईंनी न वाचताच प्रती काढून पिना मारल्या. कागदावरचा शेवट कुणी बदलणार नव्हतं. तरी त्यांनी घड्याळ काढून गल्ल्यात ठेवलं आणि मग पहिलं पान उलटलं.