शिवम्माचा बाप्तिस्मा

दुपारचं इंजेक्शन देऊन नर्स गेली, तसं शेजारच्या बनाबाईंना शिवम्माच्या उशाशी बसवून शांतवन मास्तर घराबाहेर पडले आणि कसबा बावड्याच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत आले. आठवडा निघाला तर पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले होते.

प्रश्न त्यांनी आदल्या दिवशीच टाकला होता. देशोदेशीचे ख्रिस्ती लोक शास्त्रातल्या शब्दांवर वाद घालतात, असं इंटरनेटवर एक मंडळ होतं. मास्तरांची हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेलेली, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. त्यांनी लिहिलं होतं: विश्वास न ठेवणारी बायको विश्वासी नवऱ्यामुळं पवित्र ठरते, असं प्रेषिताच्या पत्रात आहे. मराठीत आम्ही ‘पवित्र’ असंच वाचतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तारलेली’ असा होऊ शकतो का? माझी पत्नी लिंगायत आहे. तिनं बाप्तिस्मा घेतलेला नाही. ती आता मरणाला टेकली आहे.

उत्तरांची रीघ लागली होती. ओहायोच्या एकानं क्रियापदाचा काळ उलगडून दाखवला होता. पवित्र होणं घडून गेलंय आणि त्याचा परिणाम अजून टिकून आहे, असं त्याचं म्हणणं. मास्तरांना जरा हलकं वाटलं. पण त्याखालीच केरळच्या एकानं विचारलं होतं: मग त्याच पत्रात दोन ओळींनंतर, बायको तुझ्यामुळं तरेल की नाही हे तुला काय ठाऊक, असं प्रेषित नवऱ्याला का विचारतो? ओहायोवाल्यानं त्याला अर्धशिक्षित म्हटलं, त्यानं ओहायोवाल्याला पाखंडी. पुढं त्यांचं भांडण लांबत गेलं होतं आणि त्यात शिवम्मा कुठंच नव्हती. न्यूझीलंडच्या कुणा बाईनं एवढंच लिहिलं होतं, की तुमच्या पत्नीला स्वतःला काय वाटतं? तिनं वचनाचा आधार दिला नव्हता. मास्तरांनी पान खाली सरकवलं.

शेवटचं उत्तर नाव न सांगणाऱ्या एकाचं होतं. शब्दांचा कीस पाडत बसू नका. श्वास आहे तोवर तिला पाणी लावा. बाप्तिस्मा द्यायला पाळक नसला तरी चालतं, ती शुद्धीवर नसली तरी चालतं. उद्या तुम्ही स्वर्गात तिला शोधाल आणि ती तिथं नसेल, तेव्हा काय कराल?

त्या उत्तरापाशी मास्तर खिळून राहिले. कॅफेवाला वेळ संपल्याचं सांगायला आला, तेव्हा कुठं उठले.

घरी येऊन त्यांनी बनाबाईंना वाटेला लावलं आणि दाराला कडी घातली. शिवम्मा अर्धवट तोंड उघडं टाकून झोपली होती. कपाळावरची विभूती पुसट झालेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ती डबी त्यांनी हलकेच बाजूला सारली. वाटीत पाणी घेतलं, डोळे मिटले, प्रार्थना केली. मग बोटं बुडवून तिच्या कपाळाला लावली. पित्याच्या नावानं. पुत्राच्या नावानं. पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणताना त्यांनी डोळे उघडले, तर ती त्यांच्याकडं बघत होती.

“काय करालायसा?”

“अंग तापलंय तुझं. पाणी लावालोय.”

“खोटं बोलू नका. आयकलं मी.”

तिला ते शब्द पाठ होते. जन्मभर नाताळाला, लग्नाकार्याला, मंडळीतल्या पोरांच्या बाप्तिस्म्याला ती त्यांच्याबरोबर देवळात जाऊन मागच्या बाकावर बसली होती. मंडळींसाठी करंज्या तळल्या होत्या. बाप्तिस्म्याचं पाणी मात्र घेतलं नव्हतं, आणि मास्तरांनीही कधी जोर केला नव्हता.

“कुणी सांगितलं? पाळकसायबांनी?”

“न्हाय. इंटरनेटवर इचारलंतं. लांबचा माणूस हाय, शास्त्र जाणतोय.”

“त्येला मी ठावं हाय?”

वाटी अजून मास्तरांच्या हातातच होती.

“शिवम्मा, तू एका जाग्याला आन् मी एका जाग्याला, असं व्हायला नको म्हणून केलं गं.”

“आजपतोर एकाच जाग्याला हुतो की आपण.”

ती रडली नाही. पदराचं टोक धरून तिनं कपाळ पुसायला घेतलं. हातात बळ नव्हतं, पदर डोळ्यांवरच घसरत होता. मास्तर मदतीला पुढं झाले, तसा तिनं त्यांचा हात बाजूला केला. पुसून झाल्यावर डबी मुठीत घेतली.

“ईरप्पाला फोन लावा,” ती म्हणाली. “मी माहेरला जातो.”

तिचा धाकटा भाऊ ईरप्पा सकाळी गडहिंग्लजकडनं जीप आणि ड्रायव्हर घेऊन आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. शेवटाला अक्काला गाव आठवलं असेल, एवढंच तो बनाबाईंना म्हणाला. गादी जीपच्या मागं अंथरली. चादरीसकट उचलून शिवम्माला आत घेतलं. ईरप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मास्तर स्वतःच्या दोन कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभे होते.

“दाजी, या की. जागा हाय.”

मास्तरांनी जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि शिवम्माकडं पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. ती भावाकडं बघत होती.

“नडी, तम्मा,” ती म्हणाली.

जन्मभराच्या संसारात एवढं कानडी मास्तरांना येत होतं. चल, म्हणाली ती भावाला.

ईरप्पानं एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा दाजींकडं. मास्तरांनी पायरीवरचा पाय खाली घेतला आणि जीपचं दार बाहेरून लावलं. पहिल्यांदा ते नीट बसलं नाही. दुसऱ्यांदा त्यांना जोर लावावा लागला.